साडेसव्वीस क्विंटलचा फोन

राजेहो, पूर्वी बैल घ्यायला बाजारात गेलं की जाणता माणूस चार गोष्टी पाहायचा. दात, खूर, शिंगं आणि चाल. आता चिखलीत कुठल्याही मोबाईलच्या दुकानात उभे राहा, तसेच चार प्रश्न ऐकू येतात. कॅमेरा किती? जीबी किती? डिस्प्ले कसा? बॅटरी दिवसभर पुरते का?

प्रश्न बरोबर आहेत. पण त्यांची उत्तरं आपण कंपनीच्या खोक्यावरून वाचतो. म्हणून म्हटलं, गेल्या पंचवीस-तीस वर्षांचा हिशेब एकदा आपल्या मापानं मांडून पाहू. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

सुरुवात किमतीपासून. जानेवारी 2025 मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी एस 25 अल्ट्रा आला. सर्वात कमी साठवणीच्या मॉडेलची किंमत 1,29,999 रुपये. त्या हंगामात, म्हणजे 2024-25 ला, सोयाबीनचा हमीभाव होता 4,892 रुपये क्विंटल. भागाकार करा. साडेसव्वीस क्विंटल सोयाबीन. एकरी सात-आठ क्विंटल धरले तर साडेतीन एकरांचं अख्खं पीक, तेही बियाणं, खत, फवारणी, मजुरी काहीच न वजा करता. आणि त्या वर्षी बाजारात हमीभावसुद्धा मिळाला नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता मागं जा. 22 ऑगस्ट 2008 ला आयफोन पहिल्यांदा अधिकृतपणे भारतात विकायला आला. आठ जीबीचा आयफोन 3जी, किंमत 31,000. त्या वर्षीचा पिवळ्या सोयाबीनचा हमीभाव 1,390. म्हणजे बावीस क्विंटलच्या वर थोडं. सतरा वर्षांत फोन कुठल्या कुठे गेला, पण भारीतला फोन शेतकऱ्याच्या मापात स्वस्त झाला नाही, उलट चार क्विंटलनं महागला.

स्वस्त झाला तो मधला फोन. जानेवारी 2017 मध्ये रेडमी नोट 4 ची सुरुवातीची किंमत 9,999 होती. 2016-17 चा हमीभाव बोनस धरून 2,775. साडेतीन-पावणेचार क्विंटल. जिओ त्याच्या चार महिने आधी, 5 सप्टेंबर 2016 ला सुरू झालेलं. चिखली तालुक्यातल्या खेड्यापाड्यात स्मार्टफोन शिरला तो या दोन गोष्टींमुळे.

आता एकेक गोष्ट घेऊ.

*बॅटरी*

देशातला पहिला मोबाईल कॉल 31 जुलै 1995 चा. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांच्या वर दर जायचा आणि आलेल्या कॉललाही पैसे लागायचे. आपल्यासारख्या तालुक्याच्या गावी मोबाईल सामान्य माणसाच्या खिशात आला तो बीएसएनएलनं ऑक्टोबर 2002 मध्ये सेवा सुरू केल्यावर आणि 2003 मध्ये इनकमिंग फुकट झाल्यावर. मग आपण मिस कॉलची भाषा शोधून काढली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे घ्यायला ये.

त्याच 2003 साली नोकिया 1100 आला. बॅटरी 850 एमएएच. आजच्या भारी फोनची 5,000. म्हणजे जवळपास सहापट. तरी 1100 चार-पाच दिवस सहज चालायचा आणि आजचा फोन रात्री उशाशी चार्जिंगला लावावाच लागतो. कारण साधं आहे. 1100 ला बोलणं आणि मेसेज एवढंच काम होतं. आजची बॅटरी पडदा, प्रोसेसर आणि इंटरनेट खाऊन टाकतं. त्यात जिथं रेंज कमी, तिथं टॉवर गाठायला फोन जास्त जोर लावतो. म्हणून घाटाखालच्या, दऱ्याखोऱ्यातल्या गावात तोच फोन लवकर उतरतो. कंपनीचे आकडे चांगल्या रेंजमध्ये मोजलेले असतात, हे लक्षात ठेवा.

1100 ला वर टॉर्च होती. ते लोडशेडिंगचे दिवस होते. खेड्यात बारा-बारा तास लाईट नसायची. रात्रीची लाईट आली की मोटार चालू करायला शेतात जाणाऱ्या माणसासाठी ती टॉर्च हाच सर्वात मोठा फीचर होता. तो फोन जगात पंचवीस कोटींवर विकला गेला, त्यात आपला वाटा मोठा आहे.

बॅटरीची पहिली मोठी भीतीही याच काळातली. ऑगस्ट 2007 मध्ये नोकियानं जाहीर केलं की मात्सुशिता कंपनीनं बनवलेल्या बीएल-5सी जातीच्या 4 कोटी 60 लाख बॅटऱ्या चार्जिंगला तापू शकतात, बदलून घ्या. गावोगाव लोक मागचं झाकण उघडून बॅटरीच्या पाठीवरचा नंबर वाचत होते. पण झाकण उघडता येत होतं, बॅटरी काढता येत होती, नवी घरी टाकता येत होती. आजच्या भारी फोनची बॅटरी चिकटवून बंद केलेली असते. दोन-तीन वर्षांनी ती थकली की दुकान गाठा.

2008 मध्ये मायक्रोमॅक्सनं एक्स1आय आणला. जाहिरात एकच, महिनाभर बॅटरी. ज्यांच्या घरी लाईटचा भरवसा नव्हता, त्यांना कंपनीनं नेमकं ओळखलं होतं. चायना मोबाईल म्हणायचो ते मोठ्या भोंग्याचे, दोन सिमचे फोनही याच काळात आले. आयएमईआय नंबर नसलेले असे फोन डिसेंबर 2009 पासून बंद पडले, तेव्हा कित्येकांच्या हातात नुसतं खेळणं उरलं.

*साठवण*

नोकिया 1100 मध्ये पन्नास नावं मावायची, बाकीची सिमवर. ती भरली की कोणाचं नाव काढायचं, यावर घरात चर्चा व्हायची. भारीतला म्हणून मिरवला जाणारा नोकिया 6600 आला तेव्हा त्याची स्वतःची मेमरी सहा एमबी होती, सोबत 32 एमबीचं कार्ड. आजचा 256 जीबीचा फोन म्हणजे तशी आठ हजार कार्डं.

मधल्या दहा वर्षांत मेमरी कार्डाचा एक धंदाच उभा राहिला होता. "गाणी भरून मिळतील" अशा पाट्या आठवतात ना? भीमगीतं, गजानन महाराजांची भजनं, नवे सिनेमे, लग्नाचं शूटिंग. कार्ड काढा, द्या, तासाभरानं या. नेट महाग होतं तेव्हा गावाचं इंटरनेट त्या दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर होतं. फोन बिघडला तरी कार्ड काढून दुसऱ्यात टाकता यायचं, आतले फोटो वाचायचे.

भारी फोनमधून ही खाच आता गेली आहे. एस 25 अल्ट्राला कार्ड टाकता येत नाही. 2025 मध्ये तो आला तेव्हा 256 ऐवजी 512 जीबी हवं असेल तर 1,41,999 मोजावे लागत. म्हणजे वाढीव साठवणीचे बारा हजार, अडीच क्विंटल. आणि ती भरते कशानं? गुड मॉर्निंगची फुलं, पाच ग्रुपवरून आलेला एकच व्हिडिओ, उमेदवारांचे बॅनर. मोठी साठवण घेण्याआधी व्हॉट्सॲपचं आपोआप डाउनलोड बंद करा. फुकट काम आहे.

*डिस्प्ले*

थोडक्यात सांगतो. जुन्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर चित्र काहीच दिसायचं नाही, पण भर उन्हात नंबर साफ वाचता यायचा, कारण तो पडदा बाहेरच्या उजेडावर चालायचा. रंगीत पडद्याला स्वतः उजेड पाडावा लागतो. म्हणून तर "निट्स" नावाचं माप आलं. एस 25 अल्ट्रासारखे भारी फोन 2,600 निट्सपर्यंत जातात आणि इथं मात्र पैशाचा फरक खरंच दिसतो. स्वस्त फोन दुकानातल्या ट्यूबलाईटखाली झकास दिसतो आणि दुपारी बांधावर हाताचा आडोसा करावा लागतो. फोन घेताना दुकानाबाहेर येऊन उन्हात पाहा, एवढीच विनंती.

*कॅमेरा*

मूळ मुद्दा इथं आहे.

मी पत्रकारितेची पदविका करून बातमीदारीला लागलो तेव्हा कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा रोल असायचा. गारपिटीचा फोटो काढला तरी रोल संपल्याशिवाय धुवायला देणं परवडत नसे. मग स्टुडिओ, मग प्रिंट, मग पाकीट एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती अकोल्याला. फोटो छापून येईपर्यंत गारा वितळून दोन दिवस झालेले. पण पेपरात फोटो आला की तहसीलची गाडी गावात जायची. फोटो हा पुरावा होता आणि तो फार थोड्या हातांत होता.

नोकिया 6600 चा कॅमेरा 640 बाय 480, म्हणजे तीन लाख पिक्सेलचा. आयफोन 3जी चा दोन मेगापिक्सेलचा आणि 31,000 मोजून त्यात व्हिडिओ निघत नव्हता. आता आकडा 200 मेगापिक्सेलवर गेला. पण हे माहीत असू द्या, असा फोन नेहमीच्या सेटिंगवर सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून बारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. अंधारात फोटो चांगला यावा म्हणून. पेपरात सहा बाय चार इंचाचा फोटो छापायला दहा लाख पिक्सेल, म्हणजे एक मेगापिक्सेल पुरतो. आणि व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की तो आकसून लांबीला 1,600 पिक्सेलच्या आसपास येतो. लग्नातल्या फोटोत, लांबच्या झूममध्ये, रात्रीच्या उजेडात भारी कॅमेऱ्याचा फरक नक्की आहे. नाही म्हणणार नाही. पण ग्रुपवर टाकायला 200 मेगापिक्सेल म्हणजे माठभर पाण्यासाठी टँकर बोलावल्यासारखं.

मग शेतकऱ्याला कॅमेरा कशाला लागतो?

1993 मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी मतदार ओळखपत्राचा आग्रह धरला. त्यानंतर सरकारचा कॅमेरा गावात आला. शाळेच्या खोलीत खुर्ची टाकून लोकांना बसवलं. कित्येक म्हाताऱ्या माणसांच्या आयुष्यातला तो पहिला फोटो. कॅमेरा सरकारचा, रोल सरकारचा, माणूसही सरकारचा.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. त्याआधी गाव नमुना 12 मध्ये पीक तलाठी लिहायचे. बांधावर न येता लिहायचे, ही तक्रार जुनीच. आता शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून ॲपवर पिकाचा फोटो काढायचा, सोबत जागेचे अक्षांश-रेखांश जातात. कल्पना चांगली आहे. आपल्या सातबाऱ्यावर आपणच पीक नोंदवायचं, यात मानही आहे. पण कॅमेरा आता आपला, बॅटरी आपली, नेट आपलं. नोंद राहिली तर हमीभावाच्या खरेदीत आणि मदतीच्या यादीत अडचण आपली.

पीक विम्याचंही तेच झालं. एक रुपयात विमा 2023 ला आला. नुकसान झालं की 72 तासांत कळवायचं होतं. फोनवरून, ॲपवरून. रात्री ढगफुटी, पहाटेपासून लाईट नाही, फोन दहा टक्क्यांवर, आणि घड्याळ सुरू. 2025 च्या खरिपापासून राज्यानं ती योजना बदलली, पण त्या दोन वर्षांत बॅटरी टिकते किती हा प्रश्न कोणाच्या हौसेचा नव्हता.

अठ्ठावीस वर्षांत कॅमेरा सरकारच्या हातातून आपल्या हातात आला. सोबत पुरावा देण्याचं ओझंही आलं. आणि ते ओझं साडेसव्वीस क्विंटलच्या फोनवाल्याला आणि साधा बटनाचा फोन वापरणाऱ्या विधवा बाईला सारखंच आहे.

म्हणून माझं म्हणणं दोन गोष्टींपुरतं.

एक, फोन घेताना आपल्या कामाकडे पाहा. शेतीसाठी हवा असेल तर जीपीएस पटकन लागतं का, उन्हात पडदा दिसतो का, बॅटरी दीड दिवस जाते का, कार्ड टाकता येतं का, एवढं तपासा. यासाठी एक लाख तीस हजार लागत नाहीत. हौसेनं घेणाऱ्यानं जरूर घ्यावा, कष्टाचा पैसा आहे, आपली मर्जी. पण ईएमआयवर घेताना सोयाबीनमध्ये भागाकार करून पाहा.

दोन, ज्यांच्याकडे फोन नाही त्यांची ई-पीक पाहणी गावातल्या दुसऱ्याच्या फोनवरून करता येते, शिवाय सहायक नेमण्याचीही तरतूद आहे. आपल्या गावचा सहायक कोण, तो बांधावर येतो का, किती खातेदारांची नोंद राहिली, हे ग्रामसभेत विचारा. प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या. आणि तरण्या पोरांनो, तुमच्या त्या भारी कॅमेऱ्यातून एक दिवस शेजारच्या आजीच्या वावराचा फोटो काढून नोंद करून द्या. पाच मिनिटांचं काम आहे.

तुमच्या गावात ई-पीक पाहणीला काय अडचण आली, ते गावाच्या नावासह खाली लिहा. एकत्र करून तहसील कार्यालयात मांडतो. आणि घरातला पहिला मोबाईल कोणता होता, तेही सांगा. तो अजून चालू असेल तर फोटो टाका.