लांब पल्ल्याचे दूरसंचार दुवे : मायक्रोवेव्ह आणि प्रकाशतंतू

दूरच्या दोन केंद्रांमधली संभाषणे, विदा आणि चित्रे वाहून नेण्यासाठी जमिनीवर आज मुख्यतः दोन साधने वापरात आहेत : मनोऱ्यावरून मनोऱ्याकडे जाणारा मायक्रोवेव्ह रेडिओ आणि जमिनीखालून जाणारी प्रकाशतंतूची केबल. या केबलला व्यवहारात ओएफसी किंवा नुसते फायबर म्हणतात. कोणते साधन कुठे वापरायचे हे क्षमता, भूप्रदेश, खोदकामाची परवानगी आणि दुरुस्तीला लागणारा वेळ यांवरून ठरते. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे जळगाव शहरातील मेहरूण परिसर आणि एकूण खानदेशातून घेतली आहेत. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मध्ये तापीचे सपाट खोरे, यामुळे दोन्ही साधनांचे गुणदोष येथे शेजारी-शेजारी पाहता येतात.

अमेरिकेत 1951 मध्ये एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत मायक्रोवेव्ह मनोऱ्यांची साखळी सुरू झाली. पुढे बराच काळ ट्रंक वाहतुकीचा मोठा भार या तंत्राने पेलला. एका वाहकावर 960 किंवा 1800 टेलिफोन संभाषणे ही त्याची तेव्हाची मजल. शुद्ध काचेतून प्रकाश लांबवर नेता येईल, अशी मांडणी चार्ल्स काओ यांनी 1966 मध्ये केली आणि 1970 मध्ये कॉर्निंग कंपनीने दर किलोमीटरला 20 डेसिबलपेक्षा कमी क्षय असलेला तंतू बनवला. भारतात स्थानिक दूरध्वनी केंद्रे जोडणारी पहिली प्रकाशतंतू यंत्रणा 1979 मध्ये पुण्यात बसली.

मायक्रोवेव्हला समोरासमोर दृष्टी लागते, आणि केवळ समोरचा मनोरा दिसला म्हणजे भागत नाही. मेहरूणहून भुसावळपर्यंतचा साधारण 25 किलोमीटरचा टप्पा 7 गिगाहर्ट्‌झवर जोडायचा आहे असे समजू. पृथ्वीच्या वक्रतेमुळे मधोमध जमीन सुमारे 9 मीटर वर येते. शिवाय लहरीला फ्रेनेल क्षेत्राचा, म्हणजे थेट रेषेभोवतीच्या लंबगोल पट्ट्याचा, निदान 60 टक्के भाग मोकळा हवा, म्हणजे आणखी 10 मीटर. वाटेतल्या झाडांचे 10-12 मीटर धरले की सपाट जमिनीवरही दोन्ही टोकांना 30 मीटरच्या आसपास उंची हवी. अंतर 40 किलोमीटर केले तर वक्रतेचेच साडेतेवीस मीटर होतात आणि मनोरा 45 मीटरच्या वर जातो. जळगाव ते धुळे हे सुमारे 90 किलोमीटरचे अंतर म्हणूनच एका उडीत होत नाही. मध्ये एक-दोन पुनर्प्रक्षेपण केंद्रे, प्रत्येकाला वीज, बॅटरी आणि जनित्र, असा संसार उभा करावा लागतो. मधल्या टप्प्यात पुढे कोणी उंच इमारत बांधली तर सगळे गणित नव्याने मांडायचे.

पावसाचा त्रास 10 गिगाहर्ट्‌झच्या वर ठळक होतो, आणि त्यात वर्षभराच्या पावसापेक्षा सरीचा जोर महत्त्वाचा. खानदेशात पाऊस बेताचाच, पण वळवाची एखादी सर 18 गिगाहर्ट्‌झचा लांब दुवा काही मिनिटे बंद पाडू शकते. खालच्या वारंवारतांना वेगळीच अडचण येते. हिवाळ्यातल्या निवांत, स्वच्छ रात्री जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो, लहरी वाकतात, एकाच लहरीच्या दोन वाटा होतात आणि संदेश क्षीण होतो. यालाच फेडिंग म्हणतात. पाण्यावरून होणारे परावर्तन हा त्याचाच भाऊबंद. एक टोक अजिंठ्याच्या डोंगरावर उंच आणि दुसरे शहरात खाली असेल, तर परावर्तनाचा बिंदू खालच्या टोकाजवळ सरकतो. तिथे मेहरूण तलावासारखा पाण्याचा पृष्ठभाग आला तर दुवा डळमळतो. अशा वेळी मनोऱ्याची जागा किंवा उंची बदलावी लागते, नाहीतर एकाच मनोऱ्यावर वरखाली दोन अँटेना बसवाव्या लागतात.

प्रकाशतंतूला यातले काहीच बाधत नाही. आजच्या तंतूत 1550 नॅनोमीटरला क्षय दर किलोमीटरला सुमारे 0.2 डेसिबल आहे; जळगाव-धुळे अंतर सगळे जोड धरूनही वाटेत केंद्र न उभारता पार होते. क्षमतेत तर तुलनाच नाही. तंतूंच्या एका जोडीवर 80 तरंगलांब्या, प्रत्येकी 100 गिगाबिट, म्हणजे सेकंदाला 8 टेराबिट. नेहमीच्या पट्ट्यातल्या मायक्रोवेव्ह वाहिनीची मजल काहीशे मेगाबिटपासून गिगाबिटच्या आसपास; 80 गिगाहर्ट्‌झवर 10 गिगाबिट मिळतात, पण काही किलोमीटरपुरतेच. मायक्रोवेव्हच्या बाजूने एक मुद्दा वेगाचा. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, हवेत रेडिओलहर 3 लाख. शिकागो आणि न्यू जर्सीमधल्या शेअर दलालांनी यासाठी खास मायक्रोवेव्ह मार्ग उभारले. जळगाव-मुंबईच्या 420 किलोमीटरमध्ये हा फरक मिलिसेकंदापेक्षाही कमी, तेव्हा आपल्याकडे तो निवडीचा निकष होऊ नये.

केबलचा खरा शत्रू जेसीबी. केबल 1.65 मीटर खोल चरात, प्लास्टिकच्या डक्टमधून टाकण्याचा दंडक आहे. काळ्या मातीत चर पटकन होतो. खडक लागला किंवा पूल आला की केबल वर येते आणि नेमकी तिथेच तुटते. सुरत-नागपूर महामार्गाच्या तरसोद-फागणे टप्प्यासारखे चौपदरीकरण म्हणजे रस्त्याकडेच्या प्रत्येक केबलचे स्थलांतर. केबल तुटल्यावर ओटीडीआर यंत्राने अंतर मोजायचे, जागा शोधायची, खड्डा घ्यायचा आणि एकेक तंतू वितळवून जोडायचा. यात सहज अर्धा दिवस जातो. मायक्रोवेव्हचा बिघाड दुव्याच्या दोन टोकांपैकी एकाकडेच असतो.

एका जागी केबल तुटली तरी वाहतूक दुसऱ्या बाजूने चालू राहावी म्हणून फायबरचे जाळे वलयाकार हवे. धुळ्याकडे एक हात एरंडोल-पारोळा महामार्गाने आणि दुसरा रेल्वेलगत पाचोरा-चाळीसगावमार्गे नेता येतो. रेल्वेच्या जागेतील तंतूंचा व्यापारी वापर करण्यासाठी 2000 मध्ये रेलटेल ही कंपनी स्थापन झाली, त्यामुळे ही दुसरी वाट केवळ कागदावरची नाही. महामार्गावरच्या बांभोरीच्या एकाच गिरणा पुलावरून दोन कंपन्यांच्या केबली नेल्या म्हणजे पर्यायी मार्ग झाला, असे मानणे ही फसवणूक आहे.

सातपुड्यात चित्र पालटते. रावेर तालुक्यातील पालसारख्या गावांच्या पलीकडे पाडे विखुरलेले, दगड कठीण, आणि वनहद्दीत चर खोदायला वनखात्याची मंजुरी लागते. ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची केंद्राची योजना ऑक्टोबर 2011 मध्ये मंजूर झाली; तिचेच नाव पुढे भारतनेट झाले. तिची केबल ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचली तरी पाड्यावरच्या मोबाइल मनोऱ्याला शेवटची उडी बहुधा मायक्रोवेव्हचीच द्यावी लागते, आणि कमी ग्राहकांच्या अशा टोकाला तीच रास्त निवड आहे.