संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि दिव्यांगांच्या अर्थसाहाय्यातील विलंब : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
महाराष्ट्र शासनाने 1980 मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. निराधारांबरोबरच दिव्यांगांनाही दरमहा अर्थसाहाय्य देणारी ही योजना राज्याच्या सामाजिक सुरक्षेतील महत्त्वाचा टप्पा होय. तथापि, लाभ मंजूर होणे आणि तो हाती पडणे यांतील अंतर हा या इतिहासाचा दुर्लक्षित भाग आहे.

विलंबाचे स्वरूप :
अपंगत्वाचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, तालुका समितीची मंजुरी अशा पायऱ्यांवर अर्ज रेंगाळतो. मंजुरीनंतरही निधी जिल्हा व तहसील कार्यालयांमार्फत बँकेत जात असे. एका ठिकाणी उशीर झाला की पुढील सर्वांचे अनुदान अडत असे. डिसेंबर 2024 पासून रक्कम थेट खात्यात जमा होऊ लागली. मात्र आधार न जोडलेल्या खात्यांचा प्रश्न उभा राहिला. म्हणजेच विलंब संपला नाही, त्याचे ठिकाण बदलले.

कायदा व रक्कम :
2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम 24 नुसार दिव्यांगांचे साहाय्य तत्सम योजनांतील इतरांपेक्षा किमान 25 टक्के अधिक असावे. प्रत्यक्षात 2023 मध्ये अनुदान 1000 वरून 1500 रुपये झाले, ते सर्वांना सारखेच. दिव्यांगांसाठी 2500 रुपयांचा निर्णय 2025 मध्ये झाला.

निष्कर्ष :
दरमहाचे साहाय्य तीन महिन्यांनी मिळाले, तर मधल्या काळातील औषधे व किराणा उधारीवर येतात. म्हणून वाढीव रकमेइतकीच वाटपाची निश्चित तारीख आणि नामंजुरीचे लेखी कारण ही या हक्काची अविभाज्य अंगे मानली पाहिजेत.