नळी पोटात, काळजी त्वचेची

तोंडाच्या वा घशाच्या कर्करोगावर उपचार घेणारे, तसेच पक्षाघातानंतर गिळता न येणारे अनेक रुग्ण पोटातून थेट जठरात बसविलेली नळी घेऊन रुग्णालयातून घरी येतात. वैद्यकीय परिभाषेत तिला ‘पेग’ म्हणतात. पोट न उघडता, दुर्बिणीच्या साहाय्याने ही नळी बसविण्याची पद्धत अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे १९७९ मध्ये डॉ. मायकेल गॉडरर आणि डॉ. जेफ्री पोन्स्की यांनी प्रथम वापरली. नळीतून काय आणि किती द्यावे, हे घरचे लोक काटेकोरपणे विचारून घेतात. छिद्राभोवतीच्या त्वचेकडे मात्र बहुधा ती दुखू लागल्यावरच लक्ष जाते.

जठर आणि पोटाची भिंत एकमेकांना चिकटून नळीचा मार्ग पक्का होण्यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मधुमेह, कुपोषण असल्यास किंवा स्टिरॉइड सुरू असल्यास हा काळ लांबतो. सुरुवातीच्या दिवसांत डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सलाईनने जखम पुसावी. जखम भरल्यावर सौम्य साबण आणि स्वच्छ पाणी रोज एकदा पुरेसे होते. आधी हात धुवावेत. छिद्रापासून बाहेरच्या दिशेने गोलाकार पुसावे, दर वेळी नवा गॉझ घ्यावा. बाहेरच्या चकतीखाली ओल्या कापसाच्या काडीने साफ करावे. खपली नखाने खरवडू नये. ओला गॉझ काही मिनिटे ठेवला की ती सुटते. शेवटी त्वचा न घासता, टिपून पूर्ण कोरडी करावी.

हळदीवर मराठी घराचा विश्वास मोठा. पण हळद, टाल्कम पावडर किंवा तेल येथे लावू नये. पावडर ओलाव्याने गोळा होते आणि चकतीखाली अडकते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि तीव्र जंतुनाशके नव्याने भरणाऱ्या पेशींनाच इजा करतात. चकतीखाली गॉझची जाड घडी कोंबण्याची सवयही चुकीची आहे. तिच्यामुळे ओल टिकते, शिवाय नळीवर ताण येतो.

हा ताण वरवर दिसत नाही, म्हणूनच तो अधिक घातक. चकती आणि त्वचा यांत अर्धा ते एक सेंटिमीटर अंतर हवे. चकती घट्ट राहिली तर आतील टोक जठराच्या भिंतीत रुतत जाते आणि नळी निकामी होते. आहार लागू पडून रुग्णाचे वजन वाढले की घरात समाधान असते. त्याच वेळी चकती पोटावर आवळू लागते, हे लक्षात येत नाही. मार्ग पक्का झाल्यावर डॉक्टरांच्या अनुमतीने नळी रोज एकदा पूर्ण फिरवावी आणि आठवड्यातून एकदा दोन-तीन सेंटिमीटर आत सरकवून परत जागेवर आणावी. नळीचे टोक लहान आतड्यापर्यंत नेलेले असल्यास मात्र ती फिरवू नये.

छिद्रातून जठररस पाझरल्यास आम्लामुळे त्वचा भाजल्यासारखी सोलते. झिंक ऑक्साइडचे मलम तिचे रक्षण करते. परंतु गळतीचे कारण डॉक्टरांकडून शोधून घेतलेच पाहिजे. छिद्राच्या कडेला लालसर, ओलसर, स्पर्शाने रक्त येणारे मांसांकुर वाढल्यास घाबरण्याचे कारण नाही. ते डॉक्टरांना दाखवावेत. पसरणारी सूज, गरमपणा, पू, दुर्गंधी आणि ताप ही जंतुसंसर्गाची लक्षणे होत. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, त्यामुळे हाताला लागणारा गरमपणा आणि वाढती वेदना यांवर अधिक भिस्त ठेवावी.

नळी निसटून बाहेर आली तर छिद्र काही तासांतच आकसू लागते. त्यावर स्वच्छ गॉझ ठेवून, निघालेली नळी सोबत घेऊन, त्वरित रुग्णालय गाठावे. मार्ग पक्का होण्याआधी ती घरी पुन्हा घालण्याचा प्रयत्न कदापि करू नये. नळी जठराऐवजी उदरपोकळीत जाऊ शकते आणि तीतून दिलेले अन्न जिवावर बेतू शकते.