यक्ष, यवन आणि वर्धकी : विज्ञानकथेतील परक्यांविषयी एक टिपण

मराठी विज्ञानकथेचा विचार बहुधा विज्ञानाच्या अंगाने होतो. तीत योजिलेल्या नामांकडे लक्ष क्वचितच जाते. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठविली. (स्वतःची आद्याक्षरे उलट क्रमाने घेऊन हे नाव घडविले होते.) १९७९ साली त्यांचा कथासंग्रह प्रसिद्ध झाला, त्याचे नाव 'यक्षांची देणगी'. विज्ञानकथांच्या संग्रहास हे नाव लाभावे, ही गोष्ट भाषाभ्यासकास अर्थपूर्ण वाटल्यावाचून राहत नाही. यक्ष हा देव नव्हे आणि राक्षसही नव्हे. तो कुबेराचा अनुचर, धनाचा राखणदार. मनुष्याहून समर्थ, परंतु प्रसंगी दाता.

याउलट एच. जी. वेल्स यांच्या १८९८ मधील 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबरीतील मंगळवासी निव्वळ जेते आहेत. युरोपीयांनी टास्मानियातील मूळ रहिवाशांचा जो संहार केला त्याचे स्मरण वेल्स आरंभीच करून देतात. म्हणजे तेथील परका हा साम्राज्याचेच प्रतिबिंब होय. स्वतः जित असलेल्या समाजाच्या भाषेत परक्यासाठी 'यक्ष' हा शब्द सुचावा, याचे कारण शोधू जाता मला मावळाकडे वळावेसे वाटते.

'मावळ' हे नाव कार्ल्याच्या शिलालेखांतील 'मामाल' या रूपाशी जोडले जाते. तेथील सुमारे ३८ मीटर लांबीच्या चैत्यगृहात कित्येक स्तंभांवर दात्यांची नावे प्राकृतात कोरलेली आहेत आणि त्यांत धेनुकाकट येथील यवन अनेक आहेत. हे यवन जन्माने ग्रीक होते की केवळ त्या वंशाचे म्हणविणारे, हा वाद जुना आहे. त्यांची नावे मात्र बरीचशी येथल्या वळणाची : सिहधय, म्हणजे सिंहध्वज, यसवधन, म्हणजे यशोवर्धन, आणि चुलयख. या शेवटच्या नावाची फोड 'चुल्ल' म्हणजे लहान आणि 'यख' म्हणजे यक्ष अशी करता येते. परका येथे आला, त्याने येथले नाव धारण केले आणि एक स्तंभ दिला. यक्षाची देणगी अक्षरशः दगडात उभी आहे!

याच डोंगरावरील एकवीरेचे देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधले, अशी लोकश्रुती आहे. पांडव हे श्रोत्यांचे आपले असल्यामुळे तिच्यात भक्ती आहे, प्रमाणाचा दावा नाही. १९६८ साली एरिक फॉन डॅनिकेन यांनी प्राचीन वास्तूंमागे परग्रहवासीयांचा हात असल्याचे मत मांडले, तेव्हा त्याच रचनेने शास्त्राचा वेष घेतला. कथेतला परका कथेत शोभतो. नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत तर भूगर्भात सापडलेले प्रगत ज्ञान पृथ्वीवरच्याच एका लुप्त संस्कृतीचे निघते. परंतु तीच कल्पना इतिहास म्हणून सांगितली की ज्याने छिन्नी धरली त्याचे नाव पुसले जाते. कार्ल्यात हे नाव शिल्लक आहे. चैत्यगृहाचे द्वारमुख धेनुकाकटच्या सामि नावाच्या वर्धकीने, म्हणजे सुताराने, घडविले. तो वेणुवासाचा पुत्र, एवढेही तेथे लिहून ठेवलेले आहे.