क्षिप्रेच्या पायऱ्या

उज्जैनला जाणारा मराठी माणूस बहुधा महाकालाचे दर्शन घेतो, संध्याकाळी रामघाटावर क्षिप्रेची आरती पाहतो आणि रात्रीच्या गाडीने परततो. माझी या नदीशी ओळख मात्र पाण्यात उतरून झाली. माझी आत्या उज्जैनला दिलेली. १९८० साली दिवाळीच्या सुट्टीत तिच्याकडे गेलो असता तिच्या दिरांनी, ज्यांना आम्ही सारे नाना म्हणत असू, कमरेला दोर बांधून मला रामघाटावर पाण्यात सोडले. नाना म्हणत, "आधी शेवाळलेली पायरी ओळखायला शीक, मग हातपाय मार." पाणी कितव्या पायरीला लागले आहे यावरून महिना कोणता ते सांगता येते, असाही त्यांचा दावा होता. पुढे इतिहास शिकवू लागलो तेव्हा त्या वाक्याचे मोल कळले. घाटाच्या पायऱ्या बांधतात त्या चढत्या-उतरत्या पाण्यासाठी. साठवलेल्या पाण्याला एक काठ पुरतो.

क्षिप्रा म्हणजे वेगवान. प्रत्यक्षात ही नदी संथ आहे. इंदूरजवळच्या टेकड्यांत, उज्जैनी नावाच्याच एका लहानशा गावापाशी तिचा उगम होतो. तेथून माळव्याच्या पठारावरून, काळ्या मातीतून वळणे घेत ती उत्तरेकडे जाते आणि सुमारे १९५ किलोमीटरचा प्रवास करून चंबळेला मिळते. चंबळ यमुनेला मिळते. म्हणजे विंध्याच्या माथ्यावरचे हे पाणी शेवटी गंगेच्या खोऱ्यात जाते. हिला हिमाचा आधार नाही. वर्षाकाठी सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, तो बहुतेक चार महिन्यांत. उरलेले आठ महिने नदी वाहायची ती काळ्या कातळाच्या भेगांत मुरलेल्या पाण्यावर. कालिदासाने मेघदूतात क्षिप्रेवरून येणाऱ्या पहाटवाऱ्याची आठवण ठेवली, ती अशा वाहत्या नदीची.

या पाण्याशी माणसे कशी खेळली हे पाहायचे असेल, तर शहराच्या उत्तरेला कालियादेहला जावे. तेथे नदीच्या दोन धारांमध्ये एक बेट तयार झाले आहे व त्यावर महाल आहे. माळव्याचा सुलतान नासिरुद्दीन खिलजी १५०० साली गादीवर आला. कालियादेहचे बांधकाम त्याचे, असे जहांगीर बादशहा आपल्या आत्मचरित्रात सांगतो. अंगातल्या उष्णतेमुळे हा सुलतान सदा पाण्यात बसून असे, अशी कथाही तो देतो. कथा खरी-खोटी कशीही असो, तेथील रचना पाहण्याजोगी आहे. नदीचे पाणी एका कुंडातून दुसऱ्या कुंडात, नागमोडी पाटांतून फिरत जाई आणि पातळ चादरीसारखे खाली पडे. या साऱ्याला ना रहाट लागे, ना मोट. नदीचा उतार हाच तेथला कारागीर. स्वतः जहांगीर १६१७ साली येथे आला आणि नावेत बसून पुढच्या मुक्कामाला निघाला. याच फेरीत उज्जैनच्या जदरूप गोसाव्याला भेटायला तो पायी गेला. नौकाविहार आणि सत्संग यांना तेव्हा एकच नदीकाठ पुरत होता.

अठराव्या शतकात मराठे आले. राणोजी शिंदे यांनी उज्जैनला ठाणे केले. त्यांचे कारभारी रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी महाकाल मंदिराचा जीर्णोद्धार केला. पुढे १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी नाते तुटले नाही. बायजाबाई शिंद्यांनी गोपाळ मंदिर उभारले. उजाड झालेला कालियादेह महाल माधवराव शिंद्यांनी १९२० च्या सुमारास दुरुस्त करविला. दगडी घाट, छत्र्या, देवळे यांत शिंदेशाहीचा हात जागोजागी दिसतो. या राजवटीबरोबर आलेली मराठी घराणी तेथेच रुजली, घरात मराठी आणि घाटावर माळवी बोलू लागली. आपल्यासारख्या दुभाषी जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. कार्तिकातली जत्रा, मुलांचे पोहणे, भैरवगडच्या छिप्यांचे छापील कापड नदीत धुणे, हे सारे त्या दोन्ही भाषांत चालत असे.

मग पाणी आटले, ते एका दिवसात नव्हे. विहिरींच्या जागी विंधनविहिरी खोल गेल्या आणि कातळातून नदीला मिळणारा झरा शेतात वळला. पाणी टिकावे म्हणून जागोजाग बंधारे घातले गेले. नदीची डबक्यांची माळ झाली. इंदूर शहरातून वाहणारी खान नदी उज्जैनच्या अलीकडे त्रिवेणीवर क्षिप्रेला मिळते, ती शहराचे सांडपाणी घेऊन येऊ लागली. तेव्हा आधी बंद झाले ते पोहणे. त्याबद्दल कोणी फारशी तक्रार केली नाही, कारण पोहणे हा पोरखेळ. स्नान मात्र अडले तेव्हा सरकार हलले.

२०१४ साली नर्मदेचे पाणी सुमारे ३५० मीटर वर उचलून, सुमारे ५० किलोमीटर नळातून उगमापाशी आणून सोडण्यात आले. २०१६ चा सिंहस्थ त्याच पाण्यावर पार पडला. त्याच वर्षी उन्हाळ्यात आपल्या नाशिकचे रामकुंड कोरडे पडले होते, म्हणून आपण फुशारकी मारण्याचे कारण नाही. खानचे पाणी नळातून वळवून शहराच्या खाली, कालियादेहच्या बाजूला सोडले गेले. ज्या ठिकाणी सुलतान थंडाव्यासाठी बसे, तिकडे सांडपाणी गेले! पुढे ५ जानेवारी २०१९ रोजी शनिश्चरी अमावास्येला त्रिवेणीवर पाणी वेळेत पोहोचले नाही. भाविकांना चिखलात स्नान उरकावे लागले आणि त्यापायी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या. पर्वणीला पाणी न येणे हा आता कचेरीतला गुन्हा ठरतो. नदीने न वाहणे हा कोणाचाच गुन्हा नसतो.

२०२८ च्या सिंहस्थासाठी नवी कामे हाती घेतली आहेत. पावसाळ्यातले क्षिप्रेचे पाणी सिलारखेडीच्या तलावात साठवून नंतर नदीत सोडायचे आणि खानचे पाणी बंद नाल्यातून दूर न्यायचे, अशी योजना आहे. ती यशस्वी होवो. परंतु नदी बारमाही झाली हे ओळखायचे कसे? माझ्या मते पर्वणीचा दिवस ही त्याची कसोटी नव्हे. त्या दिवशी पाणी आणता येते. एखाद्या साध्या फाल्गुनातल्या मंगळवारी, कसलाही मुहूर्त नसताना, घाटावरच्या आयाबायांनी पोरांना निर्धास्तपणे पाण्यात उतरू द्यावे, ही खरी कसोटी.

नाना आज नाहीत. मागच्या वेळी गेलो तेव्हा रामघाटावर बसून मी पायऱ्या मोजल्या. पाणी होते, बरे दिसतही होते. मात्र महिना कोणता, ते पायरीवरून सांगता येईना.