अग्रमल्लाची घडण : अखिल जपान कुस्तीसंस्थेतील उत्तराधिकाराचा प्रश्न

व्यावसायिक कुस्तीत लढतीचा निकाल आधीच ठरलेला असतो. महाराष्ट्रातील आखाड्यांत अशा लढतीस ‘नुरा कुस्ती’ म्हणून हिणविले जाते. जपानात मात्र तिला स्वतंत्र रंगकलेची प्रतिष्ठा लाभली. निकाल ठरविता येत असल्यामुळे नायकही हुकमाने निर्माण करता येत असेल, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे. विजय नेमून देता येतो. त्या विजयावरील प्रेक्षकांचा विश्वास नेमून देता येत नाही. ह्या दोहोंमधील अंतर कसे ओलांडले जाते, हे १९९० साली अखिल जपान कुस्तीसंस्थेवर ओढवलेल्या प्रसंगावरून स्पष्ट होते.

रिकिदोझानचा शिष्य आणि एके काळचा बेसबॉलपटू शोहेई ऊर्फ ‘जायंट’ बाबा याने १९७२ साली ही संस्था स्थापन केली. त्याच वर्षी म्युनिक ऑलिंपिकमध्ये उतरलेला जंबो त्सुरुता हा बाबाचा नियोजित वारस होय. सुमो सोडून १९७६ साली व्यावसायिक कुस्तीत आलेला गेनिचिरो तेनर्यू त्याचा तुल्यबळ प्रतिस्पर्धी ठरला. १८ एप्रिल १९८९ रोजी त्सुरुताने तीन किताब एकत्र करून ‘तिहेरी मुकुट’ धारण केला. जूनमध्ये तेनर्यूने तो जिंकला आणि ऑक्टोबरमध्ये त्सुरुताने परत मिळविला. संस्थेचा सारा डोलारा ह्या द्वंद्वावर उभा होता. १९९० च्या वसंतात तेनर्यू नव्या, धनाढ्य संस्थेकडे निघून गेला, काही सहकारीही त्याच्यामागे गेले, आणि हा आधारस्तंभच नाहीसा झाला.

ही पोकळी मित्सुहारु मिसावाने भरून काढली. १९८१ साली पदार्पण केलेला हा मल्ल १९८४ पासून ‘टायगर मास्क’ ह्या उसन्या मुखवट्याआड वावरत होता. १४ मे १९९० रोजी तोक्योतील एका जोडीच्या लढतीत त्याने सहकारी तोशिआकी कावादाकडून मुखवट्याच्या दोऱ्या सोडवून घेतल्या आणि आपला चेहरा उघड केला. त्यानंतर अवघ्या पंचवीस दिवसांनी, ८ जून रोजी, निप्पोन बुदोकानमध्ये त्याची त्सुरुताशी गाठ पडली. त्सुरुताचा विजय आधी योजिला होता, परंतु मिसावाच्या नावाचा सभागृहातील गजर ऐकून बाबाने निर्णय फिरविला, असे सांगितले जाते. ती आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यातील मर्म महत्त्वाचे आहे : प्रेक्षकांची मागणी आधी उत्पन्न झाली, आणि निकालाने तिला केवळ मान्यता दिली.

निकालाचे स्वरूपही लक्षणीय आहे. त्सुरुताचा मागे फेकण्याचा डाव उलटवून मिसावाने त्याला निसटत्या क्षणी चीत केले. त्यामुळे विजेता मोठा झाला, परंतु पराभूत लहान झाला नाही. १ सप्टेंबरच्या परतीच्या लढतीत त्सुरुता जिंकला. १८ एप्रिल १९९१ रोजी मिसावाविरुद्ध त्याने किताबही राखला. एका विजयाने आशा निर्माण करावयाची व पुढील पराभवांनी तिची किंमत वाढवावयाची, हे बाबाचे धोरण होते. बाद ठरविणे वा मैदानाबाहेरील गणना अशा पळवाटा संस्थेने क्रमाने टाकून दिल्यामुळे प्रत्येक चीतपटीला वजन प्राप्त झाले. अखेर २२ ऑगस्ट १९९२ रोजी स्टॅन हॅन्सनला हरवून मिसावाने तिहेरी मुकुट मिळविला. त्याच वर्षाच्या अखेरीस यकृताच्या विकाराने त्सुरुताला अग्रस्थान सोडावे लागले; परंतु तोवर गादीला वारस लाभला होता.

पुढील पिढीची घडणही ह्याच रीतीने झाली. केन्ता कोबाशी प्रारंभीच्या साठांहून अधिक एकेरी लढती ओळीने हरला, आणि ह्या पराभवांतूनच प्रेक्षकांशी त्याचे नाते जुळले. कावादाने मिसावाला प्रथम चीत केले ते ९ जून १९९५ रोजी, तेही जोडीच्या लढतीत. किताबाच्या एकेरी लढतीत त्याला हरविण्यास १ मे १९९८ उजाडावा लागला.

मात्र ह्या पद्धतीचे मूल्यही जबर होते. विश्वसनीयतेच्या हव्यासापायी डाव उत्तरोत्तर धोक्याचे होत गेले. शिवाय मोठेपणा मोजक्याच मल्लांच्या ठायी साठल्यामुळे, बाबाच्या १९९९ मधील मृत्यूनंतर २००० साली मिसावा बाहेर पडला, तेव्हा बहुतेक सर्व जपानी मल्ल त्याच्यासह गेले. त्याने स्थापिलेल्या ‘नोआ’ संस्थेतही उत्तराधिकाराचा प्रश्न पुरता सुटला नाही. जर्जर शरीराने मिसावा लढतच राहिला आणि १३ जून २००९ रोजी हिरोशिमा येथे, मागे फेकण्याच्याच डावात मानेच्या मज्जारज्जूस इजा होऊन, वयाच्या ४६ व्या वर्षी मरण पावला. लढतीचा निकाल आधी ठरलेला असला, तरी तिच्यातील आघात खरे असतात. आणि ज्येष्ठाने वेळीच हरून आपला मान कनिष्ठाच्या हाती सोपविला नाही, तर ते आघात त्यालाच सोसावे लागतात.