हिब्रू पोथींतील लिखित व वाच्य पाठ

जुनी पोथी छापतांना अशुद्ध भासणारा शब्द सुधारावा कीं तसाच ठेवावा, हा प्रश्न प्रत्येक संशोधकापुढें उभा राहतो. यहुदी धर्मग्रंथांच्या परंपरेनें त्याचें दिलेलें उत्तर पोथीसंग्राहकांनीं लक्षांत घेण्याजोगें आहे.

हिब्रू वर्णमालेंतील २२ अक्षरें मूलतः व्यंजनेंच होत. जुन्या गुंडाळ्यांत स्वरचिन्हें नसत; वाचन मुखपरंपरेनें चाले. इ. स. च्या सुमारें ७ व्या ते १० व्या शतकांत तिबिर्या येथील मसोरा-पंडितांनीं स्वरचिन्हें लाविलीं. अक्षरें मात्र बदललीं नाहींत. लिहिलेला व वाचावयाचा शब्द भिन्न असेल तेथें पहिल्याचीं अक्षरें ओळींत राखिलीं, त्यांस दुसऱ्याचीं स्वरचिन्हें दिलीं, आणि तो दुसरा शब्द समासांत नोंदला. पहिल्यास ‘कतीव’ म्हणजे लिखित, दुसऱ्यास ‘करे’ म्हणजे वाच्य, असें म्हणतात.

यशायाच्या ९ व्या अध्यायांत ‘लो’ हा शब्द ओळींत आलेफनें लिहिला आहे, अर्थ ‘नाहीं’. समासांत तोच उच्चार वाव या अक्षरानें दिला आहे, अर्थ ‘त्यास’. एका पाठानें राष्ट्राचा हर्ष वाढला नाहीं असें होतें, दुसऱ्यानें तो वाढला असें. संदर्भास दुसरा पाठ जुळतो. तरीहि पहिला खोडलेला नाहीं.

ही पद्धति न जाणल्यास काय होतें, याचेंहि उदाहरण आहे. ईश्वराचें चतुरक्षरी नाम न उच्चारतां ‘अदोनाय’, म्हणजे प्रभु, असें वाचण्याचा प्रघात आहे. तो सर्वश्रुत असल्यामुळें समासांत टीप नसते. केवळ वाच्य शब्दाचीं स्वरचिन्हें त्या चार व्यंजनांस जोडलेलीं आढळतात. युरोपांतील वाचकांनीं दोन्ही एकत्र उच्चारलीं, आणि मराठींतहि परिचित असलेलें ‘यहोवा’ हें रूप त्यांतून निघालें.

अभ्यासाचीं साधनें आज विपुल आहेत. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं मुंबईंत बेने इस्रायल लोकांकरितां मराठींतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केलें. १००८–०९ च्या सुमारास कैरो येथें लिहिलेली संपूर्ण पोथी आज सेंट पीटर्सबर्ग येथें असून, किटेल यांनीं आरंभिलेल्या छापील ग्रंथाच्या १९३७ च्या आवृत्तीस तीच आधारभूत झाली. परंतु कोश व व्याकरण शब्दाचा अर्थ सांगतील. तो शब्द लिखित कीं वाच्य, हें पृष्ठावरच पाहावें लागतें.

बखर किंवा मोडी कागद छापणारांसहि हाच नियम लागू आहे. सुधारणा समासांत असावी. ती ओळींत शिरून मूळ शब्द लुप्त झाला, तर पुढील अभ्यासकास ती तपासण्याचें साधनच उरत नाहीं.